सुरतेहून सापुताऱ्यास

सुरत शहर तापीच्या मुखाजवळील सपाट भूमीवर वसले आहे. डुमसच्या समुद्रकिनाऱ्याकडे सायकलीने जाणाऱ्यास चढ म्हणजे काय हे फारसे ठाऊकच होत नाही. म्हणूनच तेथे सायकल घेणारा बहुधा वेगाचा विचार करतो, घाटाचा करीत नाही. परंतु नवसारी, चिखली, वांसदा करीत वघईस पोचले की सागाचे व बांबूचे डांगी अरण्य सुरू होते, आणि सुमारे १६० किलोमीटरांच्या या वाटेच्या शेवटी, जवळपास १,००० मीटर उंचीवर, सापुतारा उभा असतो. शामगहान मागे पडले की रस्ता वळणे घेत वर चढतो. मग सायकलीची निवड बरोबर होती की नाही, याचा निवाडा आपले गुडघेच करतात.

सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील एखाद्या तरुणाने कष्टाने साठविलेल्या पैशांतून दुकानातली सर्वांत चपळ दिसणारी सायकल घ्यावी, आणि दोन फेऱ्यांतच पाठ व मान दुखू लागून ती भिंतीस टेकावी, तर तोटा केवळ पैशांचा होत नाही. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत जाण्याचा निर्दोष आनंदही त्या घरातून जातो. यास्तव आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट गिअरची. पुढील लहान चक्रास ३४ दाते व मागील सर्वांत मोठ्या चक्रास २८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर जाते. मागेही ३४ दाते असल्यास सुमारे २.१ मीटर. अंतर घटते तसा पायांवरील भारही घटतो. यात कमीपणा मानू नये. टूर द फ्रान्समधील कसलेल्या स्पर्धकांनाही चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याच्या यंत्राची मुभा १९३७ साली मिळाली, तेव्हा त्यांनी ती आनंदाने घेतली.

दुसरी गोष्ट बैठकीची. शर्यतीच्या सायकलीचे हँडल खाली व दूर असते. सहलीसाठी ते किंचित उंच व जवळ असावे. सीटची उंची अशी ठेवावी, की पायडल तळाशी असता गुडघा थोडा वाकलेला राहील.

तिसरी गोष्ट टायरची. २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, आणि खडबडीत रस्त्याचे धक्के टायरच सोसतो.

चौथी गोष्ट ब्रेकची. डांगात पाऊस मुबलक पडतो. ओल्या रिमवर रबरी ब्रेक उशिरा धरतो. अशा उतारावर डिस्क ब्रेक अधिक भरवशाचा.

इटलीत कोमो सरोवराजवळ गिझाल्लो येथे एका खड्या चढाच्या माथ्यावर पवित्र मरियेचे छोटे मंदिर आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तेथील मरियामातेस सायकलस्वारांची आश्रयदाती घोषित केले. प्रार्थना अवश्य करावी. तथापि सापुताऱ्याहून उतरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक हाताने दाबून पाहण्याचे कर्तव्य आपलेच आहे. आणि सायकल विकत घेण्यापूर्वी, दुकानदाराची अनुमती घेऊन, एखाद्या उड्डाणपुलावर ती चालवून पाहावी. सुरतेत चढाची परीक्षा घेण्यास तेवढी एकच जागा हाताशी आहे.