कोल्हापूर ते तंजावर, आडवाटेने
लेखांक दुसरा : लेपाक्षी ते तंजावर

कोल्हापूरहून तंजावरला जाण्याचा सरळ रस्ता बेळगाव, हुबळी, बंगळूर, कृष्णगिरी, सेलम असा आहे. तो रुंद आहे, वेगाचा आहे, आणि राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर दुचाकीला टोलही पडत नाही. या दैनंदिनीतला मार्ग तो रस्ता टाळतो. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असला तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्यमार्ग आणि केशरी असला तर खेड्यात जाणारा. इथे वाट शक्यतो हिरव्या आणि केशरी दगडांनी धरलेली आहे. पहिल्या लेखांकात गोकाक, बदामी, आनेगुंदी, संडूर आणि पेनुकोंड्यावरून लेपाक्षीपर्यंतचे टप्पे झाले. पुढची वाट आंध्रातून कर्नाटकात, पुन्हा आंध्रात आणि तिथून तमिळनाडूत उतरते. शहाजीराजांच्या जहागिरीपासून दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारापर्यंत मराठ्यांचा दक्षिणेतला बराच इतिहास या पट्ट्यात घडला. तो सलग पाहायचा असेल, तर ताशी चाळीसच्या वेगाने, गावागावांतूनच जायला हवे.

दिवस पाचवा : लेपाक्षी ते मुळबागल, सुमारे १६५ किलोमीटर

लेपाक्षीहून हिंदूपूर गाठले की थोड्याच वेळात आंध्रची हद्द संपते आणि गौरीबिदनूरच्या अलीकडे कर्नाटक सुरू होते. बंगळूर दक्षिणेला ठेवून रस्ता चिक्कबळ्ळापूर, शिडलघट्टा, चिंतामणी, श्रीनिवासपूर असा पूर्वेकडे वळतो.

जानेवारीत या भागात नाचणीची मळणी रस्त्यावरच चालते. कापलेल्या नाचणीचे ताट डांबरावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली कणसे मोकळी होतात, आणि गाड्यांचा ओघ थांबला की बायका सूप घेऊन दाणे गोळा करायला पुढे येतात. शेतकऱ्याची मजुरी वाचते, पण दुचाकीला हा थर धोक्याचा असतो. वाळलेल्या ताटांवर पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकते. गिअर कमी करून, हँडल सरळ ठेवून, संथपणे पार व्हावे लागते. काड्या मागच्या चाकाच्या आसाभोवती आणि चेनमध्ये गुंडाळल्या जातात, तापलेल्या सायलेन्सरला चिकटून पेटूही शकतात. म्हणून असा प्रत्येक पट्टा ओलांडल्यावर गाडी बाजूला घेऊन खालून साफ करणे, हा इथला नियमच समजावा. हुलग्यांचा पसारा तर आणखी वाईट. ते गोल दाणे चाकाखाली छर्र्‍यांसारखे पळतात.

शिडलघट्टा हे रेशीमकोषांच्या मोठ्या बाजारांपैकी एक. गावाबाहेर तुतीचे मळे आणि घरांच्या भिंतींना टेकवून ठेवलेल्या चंद्रिका दिसतात. चंद्रिका म्हणजे बांबूची चौकट, तिच्यावर पट्ट्यांची चक्राकार वळणे. पिकलेली अळी त्या वळणांत सोडली की दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते. पुढे श्रीनिवासपूरच्या आमराया लागतात आणि संध्याकाळी मुळबागल येते. तिथला जाड, कुरकुरीत डोसा साऱ्या कर्नाटकात प्रसिद्ध आहे. हा सगळा कोलार प्रांत आदिलशाहीच्या काळात शहाजीराजांच्या जहागिरीत होता.

दिवस सहावा : मुळबागल ते वेल्लोर, सुमारे १३० किलोमीटर

मुळबागलहून दक्षिणेला बेथमंगलावरून कोलारच्या सोन्याच्या खाणी लागतात. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या या खाणींना १९०२ मध्ये शिवसमुद्रम येथून वीज आली. २००१ मध्ये खाणी बंद झाल्या. सोने काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीच्या राखाडी टेकड्या आजही वसाहतीच्या डोक्यावर उभ्या आहेत. वारा सुटला की ती भुकटी रस्त्यावर उतरते, तेव्हा हेल्मेटची काच खाली असलेली बरी.

इथून व्ही. कोटा हे आंध्रातले गाव लागते आणि त्यापुढे पेर्णांबटचा घाट. दख्खनचे पठार इथे संपते. वळणे आवळ आहेत, रस्ता झाडीतून जातो आणि हा हत्तींचा प्रदेश असल्यामुळे घाट दिवसाउजेडीच उतरावा. खाली उतरताच हवा बदलते: पठारावरचा कोरडा गारवा जातो, ताडाची झाडे दिसू लागतात, आणि पेर्णांबटला चामडे कमावण्याच्या कारखान्यांचा उग्र वास येतो. पुढचे गुडियात्तम हे काडेपेट्यांचे आणि हातमागाच्या लुंग्यांचे गाव. वेल्लोरपर्यंत साथ पालार नदीची, पण वर्षातला बहुतेक काळ तिच्या पात्रात वाळूच असते.

वेल्लोरचा किल्ला सपाटीवर आहे आणि त्याचे सारे बळ त्याच्या रुंद, पाण्याने भरलेल्या खंदकात आहे. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने त्याला वेढा घातला. किल्ल्यावर तोफा डागता याव्यात म्हणून जवळच्या डोंगरांवर साजरा आणि गोजरा हे दोन गड उभारले गेले. तरीही वेढा वर्षभराहून अधिक चालला. १६७८ मध्ये किल्ला हाती आला तेव्हा महाराज स्वराज्यात परतले होते. याच किल्ल्यात १० जुलै १८०६ रोजी कंपनीच्या हिंदी शिपायांनी उठाव केला, १८५७ च्या अर्धशतक आधी.

दिवस सातवा : वेल्लोर ते जिंजी, सुमारे १०० किलोमीटर

टप्पा छोटा आहे, आणि तो छोटाच ठेवावा. वाटेतले आरणी हे रेशमी साड्यांचे गाव. मागांचा आवाज गल्लीगल्लीत ऐकू येतो. आरणीची जहागीर शहाजीराजांच्या काळापासून एका मराठी ब्राह्मण घराण्याकडे होती. पुढे चेत्तुपट्टूपर्यंत चिंचेच्या झाडांची सावली आणि दोन्ही अंगांना तळी. तळ्याच्या बांधावरून जाणारा रस्ता एका गाडीपुरताच असतो. समोरून बस आली तर दुचाकीने कडेला थांबायचे, हा इथला शिरस्ता. जेवण कुठल्याही खाणावळीत केळीच्या पानावर मिळते. संध्याकाळी चेनला तेल, टायरची हवा आणि क्लच केबलची तपासणी उरकावी, कारण उद्याची सकाळ गडाची आहे.

दिवस आठवा : जिंजीचा गड, मग वृद्धाचलम

राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी असे तीन डोंगर आणि त्यांना जोडणारी तटबंदी मिळून जिंजीचा किल्ला होतो. डोंगर म्हणजे एकावर एक रचल्यासारख्या ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा. राजगिरी पायथ्यापासून सुमारे २४० मीटर उंच आहे. ऊन तापण्याआधी चढायला लागले, तर पायऱ्यांची वाट जमते. माथ्याच्या अलीकडे कड्याला खोल चीर आहे आणि ती ओलांडायला एकच अरुंद पूल. हा पूल काढून घेतला की मूठभर माणसे वरचा गड राखू शकत. इथे उभे राहिल्यावर पुढचा इतिहास नीट समजतो.

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली आणि किल्ला नव्याने मजबूत करून घेतला. पुढे बारा वर्षांनी, संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगड पडत असताना, राजाराम महाराज वेषांतर करून इथे पोहोचले. मराठी कागदपत्रांत चंदी म्हणून येणारा हा गड १६८९ पासून स्वराज्याची राजधानी झाला. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य कारभार पाहत होते, संताजी आणि धनाजी मोगली फौजा झोडपत होते, आणि झुल्फिकारखान जिंजीला वेढा घालून बसला होता. १६९८ मध्ये किल्ला पडला, पण त्याआधीच महाराज निसटले होते. औरंगजेबाचे सैन्य आणि खजिना इतकी वर्षे इथे अडकून पडला, म्हणून स्वराज्याला श्वास घेता आला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा. मराठी माणसाने एकदा तरी राजगिरीच्या माथ्यावर जायलाच हवे.

दुपारनंतर तिरुक्कोयिलूर आणि उळुंदूरपेट्टै या मार्गाने वृद्धाचलम. हा टप्पा निव्वळ अंतर कापण्याचा.

दिवस नववा : वृद्धाचलम ते तंजावर, सुमारे १६५ किलोमीटर

जयंकोंडमजवळचे गंगैकोंडचोळपुरम ही राजेंद्र चोळाची राजधानी. आता राजधानीच्या जागी खेडे आहे आणि त्यात त्याने बांधलेले भव्य शिवमंदिर. तिथून अरियलूरमार्गे रस्ता कोळ्ळिडम नदीच्या उत्तर काठावर तिरुमळपाडीला येतो. हेच आपल्या बखरींतले तिरुमलवाडी. जुलै १६७७ मध्ये शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे भेटले. वडिलांच्या दौलतीतल्या वाट्यावर बोलणी झाली, ती फिसकटली, आणि व्यंकोजीराजे एका रात्री नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. गावात वैद्यनाथाचे प्राचीन मंदिर आहे आणि समोर कोळ्ळिडमचे अफाट वाळूचे पात्र. कावेरीचे पुराचे पाणी वाहून नेणारी ही नदी पाहिली की काठावर थांबलेल्या फौजेची आणि पलीकडे गेलेल्या भावाची गोष्ट कागदावरची राहत नाही.

तिरुमानूरच्या पुलावरून नदी ओलांडली की तिरुवैयारू येते. संत त्यागराजांची समाधी इथेच आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला गायक-वादक समाधीपुढे एकत्र बसून त्यांच्या कृती गातात. तंजावर इथून जेमतेम तेरा किलोमीटर. तेवढ्यात कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टार, वेण्णार आणि वडवार असे पाच प्रवाह ओलांडावे लागतात. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडायचे आणि २८ जानेवारीला बंद करायचे, या रिवाजावर इथली भातशेती बेतलेली आहे. त्यामुळे जानेवारीत कापणी सुरू असते, कापणीयंत्रे अरुंद रस्ता अडवतात आणि डांबरावर भात वाळत असतो.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पहिल्या राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केले. त्याच्या आवाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्यांनीच वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे, मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद जपलेले आहेत. राज्य १८५५ मध्ये खालसा झाले, पण तंजावरी मराठी बोलणारी घरे आजही आहेत.

या वाटेला जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने योग्य. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाचे, आणि मार्चपासून ऊन सोसवत नाही. परत गाडी चालवत यायचे नसेल, तर पेट्रोलची टाकी रिकामी करून आणि आरसीची प्रत जोडून मोटारसायकल रेल्वेने पार्सल करता येते.