मागचा आरसा

अंधेरी स्टेशनाबाहेर रिक्षात बसलो, की मी आधी तिच्या आरशाकडे पाहतो. बहुधा त्यात मागचा रस्ता नसतो. ड्रायव्हरचा भांग असतो.

मोटारीला हा आरसा लावण्याचे श्रेय पुष्कळ जण रे हारून या अमेरिकन गड्याला देतात. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिसला ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. गाड्या ४०. चालकाशेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येते ते सांगणे, हेही त्याचे काम. हारूनच्या पिवळ्या गाडीत मात्र जागा एकाचीच. इतरांनी ओरड केली, तेव्हा त्याने समोर आरसा बसवला. कल्पना म्हणे त्याने एका घोडागाडीवर पाहिली होती.

हारून मूळचा इंजिनियर. १९१० चा हंगाम गाजवून तो निवृत्तही झाला होता. या शर्यतीपुरते त्याला परत आणले. मध्ये थोडा वेळ दुसऱ्याच्या हाती चाक देऊन, ६ तास ४२ मिनिटांत तो पहिला आला. त्याच शर्यतीत दुसऱ्या एका गाडीतला मेकॅनिक फेकला जाऊन मेला. हारून उतरला, तो पुन्हा शर्यतीत बसला नाही. १९६८ साली, ८९ व्या वर्षी वारला. आणि तो आरसा? विटांच्या त्या रस्त्यावर तो इतका थरथरे, की मागचे काही दिसतच नव्हते, असे त्यानेच पुढे कबूल केले!

आमचा मुलुंडचा मामा तरुणपणी सायकलच्या शर्यतीत एकदाच पहिला आला, आणि आठवड्याभरात त्याने सायकल विकली. ‘घाबरट मेला!’ हे आईचे मत. दर भाऊबीजेला ओवाळून झाले, की ती ते ताटातल्या सुपारीइतक्याच नेमाने पुढे करते.

गेल्या भाऊबीजेला मी मामाच्या बाजूने हारूनची गोष्ट सांगितली. मास्तरकीची खोड, दाखला सापडला, की राहवत नाही. मामा चकली मोडत ऐकत होता. आरशापाशी थांबला.

“काही दिसत नव्हतं म्हणतोस?”

“तोच म्हणायचा तसं.”

“सुटला बिचारा.” मग थोड्या वेळाने, “माझ्या मागे एक पोरगा पडला होता. आवाज ऐकला मी. वळून पाहिलं असतं, तर पहिला आलो नसतो.”

आई निरांजन उचलायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

“काय झालं रे त्याचं?”

“पाय मोडला. सायकलचे पैसे त्याच्या घरी देऊन आलो.”

आईने निरांजन खाली ठेवले आणि मामाच्या बशीत आणखी एक करंजी वाढली.