आमचे पाणी

तळे, तलाव, सरोवर, जलाशय हे सारे शब्द मराठीत आहेत आणि शाळेत आम्ही त्यांचे समानार्थी म्हणून पाठांतरही केले होते. पण २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या आमच्या नगर जिल्ह्यात यांपैकी एकही शब्द कोणाच्या तोंडी नसतो. तेथे असते ते धरण. भिंतीलाही धरण म्हणायचे आणि भिंतीमागच्या पाण्यालाही धरणच. जयपूरच्या शाळेत सहावीत शिकणारी माझी मुलगी उदयपूरच्या सहलीहून परत आली आणि पिछोला, फतहसागर या नावांनी घर भरून गेले, तेव्हा 'झील' या शब्दाला आपल्याकडे काय म्हणतात, असे तिने विचारले. मी 'धरण' म्हणून गेलो. तिला ते पटले नाही. झील ही पाहायची, नावेतून फिरायची वस्तू. धरण हा शब्द तिला एखाद्या कचेरीच्या पाटीसारखा वाटला असावा. बदलीच्या गावी वाढणाऱ्या मुलांना आपली भाषा अशी अर्थाविना पोहोचते, हे आपणांपैकी पुष्कळांनी अनुभवले असेल.

माझे गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. ऊस, गहू, घास, जे काही पिके ते पाटपाण्यावर. सह्याद्रीत पाऊस पडे तेव्हा आमच्याकडे आभाळ कोरडे असे. तरी पंधरा ऑगस्टच्या सुमारास 'भंडारदरा भरले' अशी बातमी आली की वडील जणू घरचे कार्य पार पडल्यासारखे निश्चिंत होत. आवर्तन सुटले की पाटकऱ्याची वाट पाहायची, चारीला पाणी आले की रात्री-बेरात्री बारे द्यायला निघायचे. कंदील माझ्या हाती असे. त्या गढूळ, थंड पाण्यात पाय बुडवून मी उभा राहिलो आहे. परंतु ते कोठून येते याची मला कधी जिज्ञासा वाटली नाही. सूर्य कोठून येतो हे तरी कोण विचारतो?

१९९९ च्या जानेवारीत आमच्या सातवीच्या वर्गाची सहल भंडारदऱ्याला निघाली. लाल एस.टी., डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मागच्या बाकावर भेंड्या. बाभळेश्वर, लोणी, संगमनेर ही ओळखीची गावे मागे पडली. अकोल्यानंतर रस्ता वर चढू लागला आणि उसाचे हिरवे पट्टे जाऊन भातखाचरांच्या वाळल्या पायऱ्या आल्या. राजूरला गुरुजींनी सर्वांना एकेक पेढा घेऊन दिला. सपाटीवरच्या मुलांना डोंगर म्हणजे चित्रातली निळी रेघ. तो असा अंगावर येतो, त्याच्या सावलीत दुपारीही गारठा असतो, हे आम्हांला नवे होते. कळसूबाईचे शिखर गुरुजींनी दाखवले, १६४६ मीटर म्हणून सांगितले. पण आमचे लक्ष भिंतीकडे होते.

ती दगडी भिंत मी पुढे कितीतरी वेळा आठवली आहे. इंग्रजांच्या अमदानीत १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ते पुरे झाल्याचा सोहळा झाला. विल्सन धरण हे नाव त्यांचेच. उंची ८२ मीटर. एवढे सांगून झाल्यावर भूगोलाच्या गुरुजींनी आम्हांला ओळीने भिंतीला तळहात लावायला सांगितले. "थरथर लागते का पाहा," ते म्हणाले. कोणाला लागली, कोणाला नाही. मला लागली असे मी म्हणालो, आणि आजही तसेच वाटते. मागे डोंगरांच्या कुशीत पसरलेले ते निळे, निश्चल पाणी आणि आमच्या चारीतले गढूळ पाणी एकच, हे उमगले तेव्हा आम्हां मुलांना कोण आनंद झाला! "आमचे पाणी! आमचे पाणी!" म्हणून आम्ही ओरडत सुटलो.

ती आरोळी रतनवाडीच्या वाटेवरही चालूच होती. एका वस्तीपाशी गाडी थांबली. तहान लागली होती म्हणून आम्ही पाचसहाजण एका घराच्या ओट्याशी गेलो. म्हाताऱ्या बाईने हंड्यातून तांब्या भरून दिला. आमची बडबड तिने ऐकली असावी.

"तुमचं पाणी व्हय?" ती म्हणाली. "न्या की मंग. नेताच हायसा."

रागाने नव्हे, अगदी सहज. उन्हाळ्यात विहीर आटते, धरण खाली खाली जाते, आणि चिखल तुडवत काठापर्यंत उतरून हंडे वर आणावे लागतात, असेही तिने सांगितले. तिच्या सासऱ्याची खाचरे त्या पाण्याखाली होती. आम्ही पाणी प्यालो. त्यानंतर गाडीत आरोळी उठली नाही.

घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगितले. ते फडके झटकीत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "खरं आहे त्या बाईचं. पण पाणी काही वर चढत नाही." मला तेव्हा हे उत्तर पूर्ण वाटले. निसर्गाचाच नियम म्हटल्यावर वाद कोणाशी घालणार?

नोकरीच्या निमित्ताने जयपूरला आलो आणि हा नियम खोटा ठरला. या शहराला पूर्वी रामगढच्या तलावाचे पाणी मिळे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकांच्या शर्यती तेथेच झाल्या. तो तलाव गेली वीसहून अधिक वर्षे कोरडा आहे. बाणगंगेचे पाणी वाटेतच अडले, पात्रात अतिक्रमणे झाली; प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. एक रविवार काढून मी तेथे गेलो होतो. नावांचा धक्का आहे, त्याच्यापुढे बाभळी आहेत. आता आमच्या नळाला येते ते बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचे पाणी, टोंक जिल्ह्यातून. त्या धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ३१५.५ मीटर; जयपूर त्याहून शंभर मीटरांवर उंच. म्हणजे ते पाणी चढवले जाते, पंपांनी, रात्रंदिवस. वडील हयात असते तर त्यांना हे आवर्जून दाखवले असते. पाणी वर चढते, फक्त रतनवाडीकडे चढत नाही.

याच बीसलपूरच्या पाण्यासाठी २००५ च्या जूनमध्ये टोंक जिल्ह्यातील सोहेला येथे शेतकरी रस्त्यावर आले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काही जण प्राणास मुकले. कचेरीत हे कोणी बोलत नाही. माझे सहकारी सज्जन आहेत. पण सकाळी पाणी कमी दाबाने आले तर तो दिवसभराचा विषय होतो, आणि मीही त्यात भाग घेतो. दोन खोल्यांचे सरकारी घर आहे, टाकी भरली नाही तर पंचाईत होते.

गेल्या हिवाळ्यात मुलीला घेऊन बीसलपूरला गेलो. तिला मी धरण दाखवीन म्हटले होते. टोंकच्या पुढे एका टपरीवर चहा घेतला. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते, डोक्यावर भला मोठा साफा. कोठून आलात, असे त्यांनी विचारले. मी जयपूर म्हणालो. ते हसले, आणि हिंदीत म्हणाले, "अच्छा! आपका पानी देखने आए हो?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. मग त्यांची शेती किती, विहिरीला पाणी किती हातांवर लागते, मोहरीला किती वेळा भिजवता, असे मी विचारीत गेलो. तेही सविस्तर सांगत गेले. आमची बस आली तेव्हा त्यांचे सांगणे अजून संपले नव्हते, म्हणून ती आम्ही जाऊ दिली.