कचेरीची पायरी

सरकारी कामाला सरकारी दौत आणि घरच्या पत्राला घरची, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या इतक्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावावर जमा आहे की त्या काळी कचेऱ्यांतली शाई कधी संपतच नसावी. माझ्या वडिलांबद्दल मला ती सांगता येत नाही. साठच्या दशकात ते तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते आणि आम्हा भावंडांच्या गणिताच्या वह्या कचेरीतले पाठकोरे कागद शिवून केलेल्या असत. त्यात काही गैर आहे असं घरात कुणाला वाटलं नाही. मात्र कुणी गुळाची ढेप घेऊन दारात आलं, तर आई त्याला बसवून चहा देई आणि ढेपेसकट परत पाठवी. पाठकोरा कागद चालतो, ढेप चालत नाही. ही रेघ कुणी मारली होती कोण जाणे.

तेव्हाचा तलाठीही आठवतो. कुलकर्णी वतनं 1951 मध्ये गेली, मुलकी पाटलाचं पद 1963 च्या सुरुवातीला गेलं आणि गावाचं दप्तर पगारी माणसाच्या हाती आलं. हा माणूस गावातच राही. रुमालात बांधलेलं दप्तर सोडून सातबारा हाताने उतरवून देई आणि त्याबद्दल कधी चहा, कधी रुपया-आठ आणे घेई. घेत नव्हता असं म्हणणं खोटं होईल. पण घेताना एकदा इकडेतिकडे बघायचा. त्याची मुलं गावच्या शाळेत आमच्याच बाकावर, त्याच्या बायकोने नवं लुगडं नेसलं की पाणवठ्यावर त्याची किंमत ठरायची. त्याच्यावर वचक होता तो या डोळ्यांचा. प्रांतसाहेब लांब होते.

इथवर लिहून थांबलो असतो तर स्मरणरंजन छान झालं असतं. पण साहेबांचा मुक्काम पडला की दूध, कोंबडी, जळण गावातून येई आणि त्याचे पैसे कुणी मागत नसे, देतही नसे. त्याला लाच म्हणायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. साहेबांची वळकटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चालणारा माणूस कोण असे, हे सांगायला नको. महार वतनाच्या नावाखाली एका समाजाकडून रात्रंदिवस सरकारी राबणूक करून घेतली गेली, मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि बलुतं. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक मांडलं. ही वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 मध्ये. आमच्या आठवणीतला तो सचोटीचा कारभार या फुकटच्या पाठीवर उभा होता. चावडीची पायरी कुणी चढायची हेच जिथे जातीवर ठरत होतं, तिथे आत बसलेला माणूस पैसे खात नव्हता याचं किती कौतुक करायचं?

आणि खात नव्हता हेही सगळीकडे खरं नाही. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो सरकारी नोकरांकडून अडाणी शेतकऱ्याची होणारी लूट डोळ्यांनी बघूनच. पुढे पाचच वर्षांत, 1888 मध्ये, पुण्यात क्रॉफर्ड प्रकरण उभं राहिलं. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, नंतर मध्य विभागाचे कमिशनर. त्यांच्यावर आरोप असा होता की मामलेदारांच्या नेमणुका आणि बदल्या पैसे घेऊन होतात, आणि मध्ये हणमंतराव नावाचा एक माणूस बसला आहे. सरकारने अभय दिलं म्हणून मामलेदारांनी पैसे दिल्याचं कबूल केलं. चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत, हाताखालच्या मुलखात कर्जं काढल्याचं मात्र मानलं, आणि साहेबांची नोकरी गेली. मग कबुली देणाऱ्या मामलेदारांनाच घरी पाठवायची वेळ आली तेव्हा टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. बदलीचा भाव, मधला माणूस, कबुलीजबाब आणि शेवटी खालच्याच्या मानेवर सुरी: वर्ष झाकलं तर कालच्या पेपरातली बातमी वाटेल. क्रॉफर्डसाहेबांच्या नावाची मुंबईतली मंडई आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. हा योगायोग मला फार आवडतो.

मग पूर्वी वेगळं होतं ते काय? माझ्या मते, लोकांना धक्का बसायचा. फिरोझ गांधींनी डिसेंबर 1957 मध्ये लोकसभेत प्रश्न काढला की आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत कसे गेले. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आली. ती त्यांनी मुंबईत उघडपणे चालवली, इतकी की आत जागा पुरेना म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावले. महिन्याभरात अहवाल तयार. सचिवांनी केलं, मला ठाऊक नव्हतं, हे अर्थमंत्री कृष्णम्माचारींचं म्हणणं छागलांनी मानलं नाही. खात्याच्या कामाची जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी 1958 मध्ये राजीनामा झाला. आजच्या आकड्यांपुढे सव्वा कोटी म्हणजे एखाद्या नगरपालिकेच्या गटारांचं टेंडर. पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांनी अशा आरोपांसाठी कायमचं स्वतंत्र न्यायमंडळ नेमा असं सुचवलं. नेहरूंनी ते मनावर घेतलं नाही. 1972 मध्ये लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य मात्र महाराष्ट्र ठरलं.

नंतर कायदे येत गेले आणि त्यांतले काही खरोखर चांगले आहेत, हे माझ्या पिढीतले रडे लोक कबूल करत नाहीत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीचा अर्ज करता येईल आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागेल, हे वडिलांना सांगितलं असतं तर ते हसले असते. त्यांच्या कचेरीत टिपणीवरचा शेरा बाहेरच्या माणसाला दिसणं म्हणजे पाप. डिजिटल सहीचा सातबारा आज घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो. ज्याच्यासाठी चार खेटे पडायचे, तिथली चहापाण्याची जागाच गेली. माणूस सुधारला म्हणून नाही, मधून उठला म्हणून.

पण वारसनोंद, फेरफार, तक्रारी नोंद यांना अजून माणसाचा हात लागतो, आणि हात लागतो तिथे दर आहे. 2024 मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला; बरेच जण राहतात शहरात, आणि गावात भेटतो तो ‘झिरो तलाठी’, म्हणजे सरकारी पगार नसलेला पण सरकारी चावी असलेला. लाचलुचपत खात्याच्या सापळ्यांच्या बातम्या मी नेमाने वाचतो. त्यांत दोन शब्द हमखास येतात: ‘खाजगी इसमामार्फत’ आणि ‘तडजोडीअंती’. दहा हजार मागितले, तडजोडीअंती सात ठरले. नोटांना पावडर, हाताला द्रावण, बोटं गुलाबी. पूर्वी असा माणूस कुटुंबासह गाव सोडून जाई. आता निलंबनात आधी निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, आणि पुढे कधीतरी तो पुन्हा खुर्चीत दिसतो. शेजारी त्याला एवढंच म्हणतात की नीट सांभाळून घ्यायला हवं होतं.

खिडकीवरचं थोडं कमी झालं ते वर सरकलं. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवला, बदल्या एप्रिल-मेमध्येच करायच्या, फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून जास्त थांबवायची नाही, असंही सांगितलं. त्यातच एक पळवाट ठेवली: अपवादात्मक परिस्थितीत, कारणं नोंदवून. कारणं नोंदवायला आमची नोकरशाही कधीच कंटाळलेली नाही. तुकाराम मुंढे यांच्यासारख्या अधिकाऱ्याच्या वीस वर्षांत वीसच्या वर बदल्या होतात, आणि मलईच्या जागेवरचा दुसरा कुणी हलता हलत नाही. ज्याने जागेसाठी मोजले त्याला वसूल करावेच लागतात.

परवा नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाच्या बैठकीला गेलो होतो. मुलगा वर्ग दोनचा अधिकारी, दिसायला-बोलायला नेटका. पगाराचा आकडा सांगून झाला. मुलीच्या मामांनी सुपारी कातरत, भरल्या घरात, आवाज जराही न उतरवता विचारलं, “ते कळलं हो. वरचं किती?” मुलाचे वडील अवघडले, पण वेगळ्याच कारणाने. “सध्या साइड पोस्टिंगला टाकलाय त्याला,” ते म्हणाले. “मेच्या बदल्या होऊ द्या, मग सांगतो.” मामांनी मान डोलावली आणि पोह्यांच्या बशा आल्या.