कळण्याची भाकरी

आबांच्या घशात पहिल्यांदा अडकली ती कळण्याची भाकरी. "घास गयामा अटकस," म्हणाले आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. आमच्या नरडाण्यात भाकरी अडकते म्हणून कोणी दवाखाना गाठत नाही. पित्त समजून दोन महिने गोळ्या चालल्या. भाकरी सुटली, मग खिचडी, शेवटी डाळीचं पाणीही थांबत थांबत उतरायला लागलं. धुळ्याला दुर्बीण घातली, तेव्हा अन्ननलिकेत गाठ निघाली. चाळीस वर्षांची तंबाखू. घरात तिच्याबद्दल कधी कोणी ब्र काढला नव्हता, मीसुद्धा नाही.

परळला टाटात नेलं. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. गाठ बरीच वर, श्वासनळीला लागून. ऑपरेशन नको, किमो आणि लाईट बरोबरच द्यायचं ठरलं. रेडिएशनला तिथे सगळे लाईटच म्हणतात. मी विचारलं, थकलेला माणूस आहे, एक झाल्यावर दुसरं दिलं तर? डॉक्टर म्हणाले, किमोचं औषध अंगात असताना किरणांचा मार गाठीला जास्त बसतो, पेशींना सावरायला वेळ मिळत नाही. पुढे वाचनात आलं: अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे आकडे १९९९ साली छापून आले. नुसत्या रेडिएशनवरचा एकही रुग्ण पाच वर्षं जगला नव्हता. दोन्ही मिळून घेतलेल्यांत चारातला एक जगला. चारातला एक! तेव्हा हे माहीत नव्हतं ते बरंच.

सोमवार ते शुक्रवार रोज लाईट, एकूण २८. किमो आठवड्यातून एकदा. लाईटला दहा मिनिटं, काही दुखत नाही. छातीवर शाईच्या खुणा केलेल्या, त्या पुसू द्यायच्या नाहीत. अंघोळीशिवाय चहाही न घेणारे आबा त्यानेच जास्त वैतागले.

तिसऱ्या आठवड्यात मात्र थुंकीसुद्धा गिळवेना. आतून सगळं सोलल्यासारखं झालेलं. नाकातून नळी घातली; दूध, पेज तिच्यातून. आबांनी खुणेनेच सांगितलं, घरी चल, कापूस वेचणीला आलाय. मीही पिशवी भरायला घेतली होती. शेजारच्या खोलीतल्या अमळनेरच्या बाईंनी हात धरला: "मधी सोडू नका, भाऊ." डॉक्टरांनीही तेच बजावलं, खंड पडला की गाठ पुन्हा जोर धरते. रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून एक किमो गाळावी लागली, लाईट एकही चुकवला नाही.

संपल्यावर महिनाभराने नळी निघाली. पुढच्या दुर्बिणीत गाठ दिसली नाही. तपासणीला अजून परळच्या खेपा चालूच आहेत. कळण्याची भाकरी आबा आता दुधात कुस्करून खातात.

तुमच्या घरात कोणाचा घास दोन-तीन आठवडे अडकत असेल, तर पित्ताच्या गोळीवर थांबू नका. दुर्बीण करून घ्या.