चाकांवरचे घर

जड वस्तू दूरवर ओढून नेणे हे एक काम आणि ती नेमक्या जागी उभी करणे हे दुसरे. पहिल्यास बळ पुरते. दुसऱ्यास बळ, नजर आणि धीर ही तिन्ही लागतात. भरलेली बैलगाडी अरुंद बोळातून ज्याने कधी मागे घेतली असेल, त्यास हे निराळे सांगावयास नको.

इंग्लंडात मुलीकडे काही महिने राहिलो असता या दुसऱ्या कामाचा नमुना मला जवळून पाहावयास मिळाला. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक जोडपे राहत असे. त्यांच्या अंगणात एक कॅरॅव्हॅन उभी असे. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून न्यावयाचे घरच. आत बिछाने, शेगडी, मोरी, कपाटे, सारे काही. अशा घरातून हौसेने हिंडण्याची चाल तिकडे जुनी आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली 'वाँडरर' नावाची गाडी खास बांधवून घेतली आणि घोडे जोडून ते स्कॉटलंडपर्यंत जाऊन आले. १९०७ साली अशा प्रवाशांचा क्लबही निघाला. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. गाडी जागेवर लावण्याची अडचण मात्र राहिलीच.

मोटारीने मागे ढकलावी, तर मोटारीचा मागचा भाग ज्या बाजूस जातो त्याच्या उलट बाजूस कॅरॅव्हॅन तोंड फिरवते. सोडवून हातांनी ढकलावी, तर वजन हजार-बाराशे किलो, कधी त्याहूनही अधिक. शेजारच्या बाई एकदा कुंपणापाशी म्हणाल्या, "डॉक्टरांनी यांना जड ढकलण्याची मनाई केली, तेव्हा आम्ही ती विकावयास काढली होती. दर वेळी चार माणसांना हाका मारणे यांना आवडत नसे. मग हे यंत्र बसविले."

ते यंत्र त्या गृहस्थांनी मला वाकून दाखविले. खालच्या सांगाड्यास, दोन्ही चाकांपाशी, एकेक विजेची मोटर बसविलेली असते. तिच्या टोकाचे रूळ टायरवर घट्ट दाबले जाते आणि ते फिरले की चाक फिरते. वीज मिळते आतल्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून. हातात बटनांची एक लहानशी पेटी, तीही बिनतारी. दोन्ही मोटरी पुढे चालविल्या की गाडी सरळ जाते. एक थांबविली की वळते. एक पुढे आणि एक मागे चालविली, तर दोन चाकांची कॅरॅव्हॅन जागच्या जागी गरकन फिरते. चाल मुंगीची, पण नेम असा की मोटारीच्या आकड्याखाली ती बरोबर येऊन थांबते.

यंत्र आले म्हणून सावधपणा सुटत नाही. आधी रूळ टायरला भिडवावयाचे, मगच हाताचा ब्रेक सोडावयाचा. काम झाल्यावर आधी ब्रेक ओढावयाचा, मगच रूळ मागे घ्यावयाचे. हा क्रम चुकला तर उतारावर गाडी कोणाचे ऐकणार नाही. ओल्या गवतावर चाके घसरतात. रस्त्यास लागण्यापूर्वी रूळ सुटले आहेत ना, हे पाहावेच लागते. यंत्राचे वजनही तीसेक किलो भरते; तेवढे सामान कमी न्यावे लागते.

एका सकाळी ते दोघे प्रवासास निघाले. म्हातारबुवा पेटी हाती धरून गाडीच्या बाजूने सावकाश पावले टाकीत होते; बाई पलीकडच्या कोपऱ्यावर उभ्या राहून हात वर करीत, "अजून, अजून, बस!" असे सांगत होत्या. कोणी ढकलावयास आले नव्हते. तरीही दोन शेजारी फाटकापाशी निरोप द्यावयास उभे होते, आणि या वेळी त्यांच्या कपाळावर घाम नव्हता.

आपल्याकडे वडील माणसांना आपण प्रेमाने म्हणतो, "आता तुम्ही बसा." त्या शब्दांत माया असते, हे खरे; पण त्याच शब्दांनी त्यांच्या हातचे एकेक काम आपण काढूनही घेतो. विहिरीवरचा पंप, उंच केलेली चूल, जिन्याचा कठडा, ही साधने त्या यंत्राचीच भावंडे आहेत. म्हाताऱ्या हातांचे काम स्वतः उरकून टाकण्यापेक्षा त्या हातांना पेलेल असे साधन घरात आणणे, ही सेवा मला अधिक मोठी वाटते.