सिडनी चेंबर्सची घालमेल

जागून जेम्स रन्सीचं ग्रँटचेस्टर मालिकेतलं पहिलं पुस्तक संपवलं. सिडनी चेंबर्स काही मनातून जात नाही. साल 1953, केंब्रिजजवळचं खेडं, रेशनिंग अजून पुरतं उठलेलं नाही. एका वकिलाच्या अंत्यविधीनंतर एक बाई या तरुण पाद्र्याला गाठते. म्हणते, ही आत्महत्या नव्हे, खून आहे. पोलिसांकडे जायची तिला सोय नाही. गेलेल्या माणसाशी तिचं चोरून नातं होतं. इथेच मला हा नायक पटला. तो पाद्री, म्हणून लोक त्याच्यापाशी मन मोकळं करतात, आणि नेमका तोच विश्वास त्याला तपासासाठी वापरावा लागतो. केवढी घालमेल! त्यातून इंग्लंडमध्ये तेव्हा फाशी होती. खुनी सापडला की आणखी एक जीव जाणार, हे त्याला ठाऊक असतं.

सिडनी महायुद्धात लढलेला, मिलिटरी क्रॉस मिळवलेला. लेखकाचे वडील रॉबर्ट रन्सीही तसेच: आधी रणगाड्यावर, पुढे कँटरबरीचे आर्चबिशप. वडिलांचं युद्धच मुलाने या पाद्र्याच्या मनात पेरलं असावं, असं मला फार वाटतं. गुरुवारी इन्स्पेक्टर कीटिंगबरोबर पबमध्ये बॅकगॅमनचा डाव मांडला की सिडनी जरा सैलावतो. ती पानं पुन्हा वाचणार आहे.